दस्त्यासाठी तुझी दहा बोटं

१९ ऑक्टोबर २०२४
बेकर्स फोर्क

ट्वायला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते कचऱ्यात टाकायला निघाली असशील तर थांब. कुणी मेलेलं नाही. मी भांडायलाही लिहीत नाहीये. मला तुझी दहा बोटं हवीत.

हस, हस. सव्वापाच वर्षांनी सख्ख्या भावाचं पत्र येतं आणि त्यात काय, तर बोटं! पण आधी ऐकून घे, कारण मी ऑगस्टमध्ये एक बंदूक घेतली आहे आणि अगं, काय वस्तू आहे म्हणून सांगू! हातभर लांब. नऊ मिलिमीटरची. पावाच्या पिशवीत मावेल एवढी, आणि उचलली की असं वाटतं की ही माझ्याच हाताच्या मापानं केली. दगडखाणीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमची नेमबाजी असते, पोलादी पाट्यांवर. साठीच्या पुढच्यांचा वेगळा गट आहे. त्या गटातल्या एकेका म्हाताऱ्याचं नाक मी कापणार आहे.

घोडं अडलंय ते एकाच जागी. मागच्या टोकाला लावायचं काय? ब्रेस की दस्ता? ब्रेस म्हणजे रबरी पंखासारखा आधार असतो, पट्ट्यानं कोपराखाली हाताला बांधायचा. तो लावला की कायद्याच्या लेखी ही वस्तू पिस्तूल. दुकानातून आणा, लावा, जेवायला बसा. आणि दस्ता म्हणजे आपला साधा दस्ता, खांद्याला टेकवायचा. तो लावला की तीच नळी, तोच घोडा, तोच मी, पण आता ती ‘आखूड नळीची रायफल’ झाली! मग वॉशिंग्टनला अर्ज करा, फोटो द्या, दोनशे डॉलरचा शिक्का घ्या, बोटांचे ठसे द्या, आणि कागद येईपर्यंत गप्प बसा. मी दोन्हींचे फोटो शेजारच्या मिस वॉनेटांच्या टेबलावर मांडले आणि विचारलं, सांगा बघू फरक. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “याला कान आहे, त्याला नाही.” सरकारला एवढ्याशा कानावरून एवढी चिंता!

डेन्झिल, म्हणजे बंदुकांच्या दुकानाचा मालक, तुला आठवत असेल, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून तुझी वेणी ओढायचा तो, तर तो म्हणाला, “लॉनी, ब्रेस लाव आणि घरी जा. पाच मिनिटांचं काम. सरकारच्या दारी खेटे घालायची हौस आहे का तुला?”

मी म्हटलं, “मला दस्ताच हवा. आणि तोही डॅडींनी घरासाठी केलेल्या ट्रस्टच्या नावानं.”

“मग तुझ्या बहिणीचेही ठसे लागतील. ट्रस्टच्या कागदावर ज्याचं ज्याचं नाव, त्या प्रत्येकाचे लागतात. एकट्याच्या नावानं अर्ज कर ना, गाढवा!”

“करू शकतो. करायचा नाही.”

त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बायबलच चुकीचं वाचलं.

तू शेरीफच्या डेप्युटीला बरोबर घेऊन आलीस आणि डॅडींच्या कपाटातल्या अकरा बंदुका काढून नेल्यास. मी त्यांच्या दफनाच्या दिवशी तुला पुढच्या बाकावर बसू दिलं नाही. झालं. लिहून टाकलं, म्हणजे आता दोघांनीही ते टाळून इकडचं तिकडचं बोलत बसायला नको.

बाकी ठीक. सप्टेंबरात बस सोडली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आता गुडघा कुरकुर करतो.

ठशांची दोन कार्डं, फॉर्म आणि परतीचं पाकीट सोबत आहे. पोलीस ठाण्यात दहा मिनिटांत घेतात.

लॉनी


२ नोव्हेंबर

ट्वायला,

दोन आठवडे झाले. तुझं मॉर्गनटाउन चंद्रावर नाहीये, तीन तासांचा रस्ता आहे.

नको असतील द्यायचे तर नको देऊस. काही अडलेलं नाही माझं! काल ब्रेस लावला आणि सरावाला खाणीत गेलो. तुला खरं सांगू? पहिल्या तीन पाट्या टण् टण् टण्. चौथीला पट्टा माझ्या स्वेटरच्या बाहीत अडकला आणि मी स्वतःचाच हात सोडवत बसलो, आणि ते सगळे थेरडे काठ्या आपटून आपटून हसले. तरीही दुसऱ्या फेरीत सहापैकी पाच! ब्रेस वाईट नाही. हलका आहे, गाडीत कुठेही पडून राहतो, कुणाची परवानगी नको, कुणाच्या बोटांची मिनतवारी नको.

घरी आलो तर मिस वॉनेटा पेपरोनी घातलेले पाव घेऊन आल्या. त्या चौऱ्याहत्तरच्या आहेत, मी साठचा, तरी मला ‘पोरा’ म्हणतात.

“लिहिलं का बहिणीनं?”

“नाही. ब्रेसच ठेवतो आता. तिची गरज काय?”

“पोरा, गरज नव्हती तर पाकिटावर तिकीट कशाला चिकटवलंस?”

त्यांचं तोंड बंद करायला मी अख्खा पाव तोंडात कोंबला. माझंच तोंड बंद झालं.

हे बघ ट्वायला, मी तुला एक सांगतो, पटलं तर घे. तू बंदुका नेल्यास त्या फेब्रुवारीत मी बसच्या फेरीवर होतो. परत आलो तेव्हा डॅडी पोर्चवर बसले होते, अंगात कोट नाही, पायात एकच बूट, आणि ओरडत होते, चोर, चोर, माझ्या पोटची पोर चोर निघाली. शेजारपाजारचे सगळे ऐकत होते. पुढे चार महिने, मरेपर्यंत, ते रोज सकाळी मला विचारायचे, लॉनी, माझ्या बंदुका कुठायत? रोज. मी रोज नव्यानं सांगायचो. तुला हे रोज ऐकावं लागलं नाही. मला लागलं.

डॅडींनी आदल्या आठवड्यात मीटर वाचणाऱ्या माणसावर दुनळी रोखली होती हे मला माहीत होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला ते त्या माणसाकडूनच कळलं, हो ना?

तर असं आहे. ब्रेस ठेवतो. कार्डं परत पाठवून दे, डेन्झिलनं मोजून दिली होती.

लॉनी


१४ नोव्हेंबर

ट्वायला!!

तुझं कार्ड आलं! मी टपालपेटीपाशीच फाडलं आणि मिस वॉनेटांना हाक मारली, त्या चपला न घालता धावत आल्या. एकच ओळ, पण तुझं अक्षर! ‘जो माझ्याशिवाय लावता येतो तो का लावत नाहीस?’

तू नर्स होतीस हे मी विसरलोच होतो. दुखतं कुठे ते विचारायचं नाही, नेमकं तिथंच बोट ठेवायचं.

सांगतो, ऐक. एक म्हणजे दस्ता खांद्याला भिडतो, गाल टेकतो, डोळा ठरतो. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. दुसरं, ब्रेसचा काही भरवसा नाही. मागच्या वर्षी वॉशिंग्टनवाले म्हणाले ब्रेस म्हणजेही दस्ताच, नोंदणी करा. लोकांनी धावाधाव केली, कोर्टात गेले, कोर्टानं तो नियम उडवला. उद्या परत काढतील! कागद असला म्हणजे शांत झोप. तिसरं, दस्ता दिसतो छान. चौथं, डॅडींच्या ट्रस्टमध्ये त्यांच्या बंदुकीचा तो जुना सायलेन्सर एकटाच पडलाय, त्याला सोबत.

डेन्झिलला ही चार कारणं वाचून दाखवली. तो म्हणाला, “चारही खोटी वाटतात.”

“एकही खोटं नाही!”

“खोटं नाही रे. पण दारात उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या माणसासारखं वाटतंय. आत यायचंय ते बोलत नाहीस.”

मी म्हटलं, डेन्झिल, तू बंदुका वीक.

आणि एक गंमत. मी दस्ता आणलाय! पण घरात ठेवलेला नाही. कागद यायच्या आत बंदूक आणि दस्ता एका छपराखाली सापडले तर गोत्यात येशील, असं डेन्झिलनं बजावलं. इथे सगळेच असं करतात, लग्नाआधी नवरीला नवऱ्याच्या नजरेपासून लांब ठेवतात तसं. म्हणून दस्ता आहे मिस वॉनेटांच्या फ्रीझरमध्ये, हरणाच्या मटणाच्या शेजारी. त्यांनी वरून चिठ्ठी लावली आहे, ‘खायचं नाही’.

तू एक प्रश्न विचारलास, मी चार उत्तरं दिली. आता दहा बोटं दे ना.

लॉनी


१ डिसेंबर

ट्वायला,

आली! आली! आली!

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आली. टर्की भट्टीत होती, मी तिच्याकडे पाहिलंही नाही, मिस वॉनेटांनी धावत येऊन ती वाचवली. मी टेबलाशी बसून तुझी बोटं बघत होतो. दहाच्या दहा, काळीभोर, एकही फराटा नाही. डाव्या अंगठ्यावर ती आडवी पांढरी रेघ अजून आहे, सफरचंदाचा मुरंबा भरताना बरणी फुटली होती त्याची. तू रडली नव्हतीस, मीच रडलो होतो, आणि मॉमनं आधी माझंच तोंड पुसलं!

माझी कार्डं तीनदा करावी लागली. इंजिनाच्या तेलानं माझ्या बोटांच्या रेघा कधीच पुसल्या गेल्यात. ठसे घेणारी पोरगी म्हणाली, “काका, तुम्ही गुन्हे करायला अगदी योग्य माणूस आहात.”

सोबतची तुझी ओळ वाचली. ‘पुढचा बाक मी विसरलेले नाही.’ विसरू नकोस. मी म्हणतच नाही विसर. मी त्या दिवशी बाकाशीच आडवा उभा राहिलो होतो आणि तू काळ्या कोटात, हातात ती पांढरी फुलं घेऊन, वळून सगळ्यात मागे जाऊन बसलीस. पाद्री बोलत होता आणि मला मागून तुझं नाक ओढणं ऐकू येत होतं. मी मान वळवली नाही. मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा नाही वाटली, नंतर वाटली, खूप नंतर. ती वाटते आहे हे तुला सांगावं असं कधी वाटलं माहीत आहे? सप्टेंबरात.

असो! डेन्झिलनं संगणकावरून अर्ज धाडला. नियमाप्रमाणे एक प्रत शेरीफच्या कचेरीत द्यावी लागते. मी स्वतः गेलो. टेबलामागे कोण बसलेला? तोच डेप्युटी, त्या दिवशी तुझ्याबरोबर आलेला. आता टक्कल पडलंय. कागद वाचला, माझं नाव, तुझं नाव, परत माझं.

“मिस्टर स्टिडम, तुम्ही दोघं एका कागदावर?”

मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटलं, आम्ही नातेवाईक नाही?”

तो हसला, मग म्हणाला, “तुमच्या बहिणीनं त्या दिवशी परत जाताना गाडी पुलाच्या अलीकडे थांबवली होती. अर्धा तास ती खाली उतरून कठड्याला धरून उभी होती. मी मागेच होतो. म्हटलं, तुम्हाला माहीत असावं.”

मला माहीत नव्हतं.

लॉनी


२२ डिसेंबर

ट्वायला,

मंजूर! तीन आठवड्यांत! डेन्झिलनं फोन करून फक्त एवढंच म्हटलं, “फ्रीझर उघड,” आणि मी हातातला कप तसाच सिंकमध्ये टाकून पळालो. पळालो! गुडघ्यासकट! दस्ता बर्फासारखा गार होता, मिस वॉनेटांनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून तान्ह्या बाळासारखा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “लखलाभ.”

पण लावायच्या आधी एक विधी असतो. बंदुकीच्या धातूवर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरावं लागतं. बनवणारा म्हणजे इथे आपला ट्रस्ट. खोल कोरायचं, आणि पुन्हा पुसता येत नाही. जिल्ह्याच्या गावी कपांवर आणि ढालींवर नावं कोरणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं विचारलं, नाव? मी म्हटलं, स्टिडम फॅमिली ट्रस्ट. त्यानं विचारलं, गाव? मी सांगितलं. यंत्रानं चरचर आवाज करत कोरलं. इतकं सुबक! मी त्याला वर दोन डॉलर दिले आणि तडक डेन्झिलकडे आलो, नाचतच.

डेन्झिलनं भिंग लावलं. मग भिंग काढलं.

“लॉनी, हार्मन कॅम्प कुठं आलं?”

मी म्हटलं, “कुठं म्हणजे? मी राहतो तिथं.”

तो हसला नाही. त्यामुळे मला कळलं. तो माझ्या कुठल्याही चुकीवर हसतो, चाळीस वर्षं हसत आलाय.

“लॉनी, कॅम्प त्र्याहत्तर साली पाडला, खाणकामगारांची ती अख्खी वसाहत. तिथं आता नुसतं गवत आहे.”

ट्वायला, मी तिथं उभा होतो आणि मला पाच-सहा सेकंद, मोजून पाच-सहा सेकंद, हे खोटं वाटत होतं. मला आपलं हिरवं दार दिसत होतं. कोळशाच्या खाणीचा भोंगा झाला की मॉम चुलीवर बटाटे टाकायची, तो वास येत होता. मी नऊ वर्षांचा होतो आपण तिथून निघालो तेव्हा. आणि मी साठाव्या वर्षी एका परक्या माणसाला माझं गाव म्हणून ते सांगितलं, त्यानं ते लोखंडात कोरलं, आणि मी खुशीत घेऊन आलो.

चल, आता आत येतो. दारात बराच वेळ उभा होतो.

गुडघा ठणठणीत आहे. बस मी गुडघ्यासाठी सोडली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळच्या फेरीला चौदा मुलं घेऊन निघालो आणि शाळेकडे वळायच्या ऐवजी डोंगरावर वळलो. कॅम्पच्या रस्त्याला. एक छोटी मुलगी मागून म्हणाली, मिस्टर लॉनी, आपण कुठे चाललोय? मी म्हटलं, घरी. मुलांना सुखरूप शाळेत पोचवलं. कुणालाही ओरखडा नाही. मी स्वतःच किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि चार्ल्सटनला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितली. डॅडींचंच दुखणं आहे, विसरण्याचं. आत्ता कुठे सुरुवात आहे. चांगले दिवस पुष्कळ आहेत, आज चांगला आहे, म्हणून आज लिहितोय.

म्हणून दस्ता, ट्वायला. ब्रेस लावला तर ती बंदूक माझी एकट्याची, आणि एकट्या माझ्या डोक्याचा काय भरवसा? दस्ता ट्रस्टच्या नावावर, म्हणजे माझ्या आणि तुझ्या. कागदावर दोघांचीही बोटं. तू या दारातून आलीस आणि ती उचलून नेलीस तर जगात कुणीही, मी धरून, तुला चोर म्हणू शकत नाही. मी यासाठीच घेतली असं मात्र समजू नकोस हं! बंदूक मी हौसेनंच घेतली, जीव जडलाय तिच्यावर. पण दस्ता की ब्रेस हा प्रश्न समोर आला तेव्हा मला पहिल्यांदा तुला पत्र लिहायला सबब सापडली. बंदुकांच्या तिजोरीचा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवला आहे. माझ्या बाकीच्या सात बंदुकाही त्यातच आहेत.

कोरणाऱ्याकडे परत जातो. खाली दुसरी ओळ कोरून घेतो, बेकर्स फोर्क. वरची राहू दे.

लॉनी


८ जानेवारी २०२५

ट्वायला,

फोनवर तू बोललीस तेवढं बोललीस आणि ठेवून दिलास, मला बोलायला संधीच दिली नाहीस, म्हणून हे. आणि माझं डोकं तापलंय, आधीच सांगतो!

‘लॉनी, एकदा केलं मी ते. पुन्हा माझ्या हातून नाही होणार. ब्रेस लाव, माझं नाव काढ.’

नाही काढणार! काय समजतेस काय तू? डॅडींच्या वेळी तुला कुणी विचारलं होतं? कुणी नाही. कुणी तुझ्या हाती ट्रस्टचा कागद दिला होता? तू आलीस, कारण कुणीतरी यायला हवं होतं आणि जो तिथे रोज होता, म्हणजे मी, तो डोळ्यांवर कातडं ओढून बस चालवत होता. तू बरोबर होतीस. घे. लिहिलं. मोठ्या अक्षरात हवं तर लिहितो. तू बरोबर होतीस आणि मी माझी लाज तुझ्या माथ्यावर मारली, सव्वापाच वर्षं. डॅडींनी तुला चोर म्हटलं ते त्यांच्या आजारानं. मी म्हटलं ते माझं डोकं शाबूत असताना. दोन्हींतलं वाईट कुठलं ते तुला माहीत आहे.

पुलाच्या कठड्याचं मला डेप्युटीकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तू पुन्हा तिथं उभं राहावंस असं मला वाटत नाही गं. पण दुसरं कोण आहे मला? डेन्झिल? त्याला माझ्यापेक्षा आधी रडू येईल. मिस वॉनेटा? त्यांना तिजोरीचं दारही ओढता येत नाही. आणि मला एक भीती आहे, ती एकच. मीटर वाचणाऱ्याच्या जागी एखादं मूल असेल. माझ्याच बसमधलं एखादं.

तू न्यायला येशील तेव्हा मी तुला शिव्या देईन. त्या मी आत्ताच परत घेतो, देण्याआधीच.

रागावून लिहिलं पण फाडत नाही. ये तरी एकदा. बंदूक बघ. मग काय ते नाही म्हण.

लॉनी


२७ जानेवारी

ट्वायला,

हे सगळं तुला माहीत आहे, तूच तर होतीस! तरी लिहितो आणि याची एक प्रत मी फ्रीजवर चिकटवणार आहे, कारण कालचा दिवस मला गमवायचा नाहीये. डॉक्टर म्हणाले, लिहून ठेवत जा. तर हा घे लेखाजोखा.

तू सव्वाअकराला आलीस. केस पांढरे आणि आखूड झालेत तुझे, आणि मी पहिलं वाक्य काय बोललो? “डेन्झिल आता कशाला ओढणार?” तू हसलीस. मग तू मला मारलंस, दंडावर, चांगलं जोरात, आणि आपण पोर्चवर तसेच उभे राहून रडलो, मिस वॉनेटा पडद्याआडून बघत होत्या ते दोघांनाही दिसत होतं.

खाणीत गेलो. तू म्हणालीस, सोळाव्या वर्षानंतर मी बंदुकीला हात लावलेला नाही. मी दोन्ही पुढे केले, ब्रेस आणि दस्ता, म्हटलं, तूच ठरव. तू आधी ब्रेस लावून नेम धरलास, पट्टा बांधून, सगळं कसं दवाखान्यातल्या शिस्तीत. सहापैकी तीन. मग दस्ता लावला. तू खांद्याला टेकवलास, गाल ठेवलास, श्वास सोडलास, आणि टण् टण् टण् टण् टण्. पाच! सोळाव्या वर्षानंतर! म्हणे हात लावलेला नाही! सरावाला आलेल्या त्या म्हाताऱ्यांची तोंडं बघितलीस का? एक तर काठी विसरून घरी गेला.

तू बंदूक खाली ठेवलीस, त्या दोन गावांवरून बोट फिरवलंस, वरच्या आणि खालच्या. मग म्हणालीस, “दस्ताच ठेव. पण लॉनी, मी तो दिवस उजाडायची वाट बघत बसणार नाही. तू ओरडतोयस आणि मी उचलतेय, हे मला परत जमणार नाही. द्यायची असेल तर आज दे. आज तू शुद्धीवर आहेस. तुझ्या हातानं दे.”

मला वाटलं होतं, माझ्याकडे अजून दोन-तीन वर्षं आहेत. असतीलही. मी म्हटलं, “आणि नेमबाजी?”

“दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी घेऊन येईन. नऊ वाजता खाणीत. मारू, आणि मी परत नेईन. कागदावर माझीही बोटं आहेत ना?”

“तीन तास यायला, तीन जायला!”

“सव्वापाच वर्षांच्या हिशेबानं काहीच नाही,” तू म्हणालीस.

घरी आलो. आकडा मी न बघता लावला, एका दमात. सात एकेक करून मी स्वतः उचलून तुझ्या गाडीत ठेवल्या, तू फक्त ब्लँकेट पसरत होतीस. आठवी, आपली छोटी, मी शेवटी आणली. दाराशी थोडा थांबलो. खोटं कशाला बोलू, द्यावीशी वाटली नाही. तू घाई केली नाहीस, हातही पुढे केला नाहीस. मीच ठेवली, मीच ब्लँकेट घातलं, मीच डिकी लावली.

तू निघालीस तेव्हा मी रस्त्यापर्यंत आलो आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दोन्ही हात हलवत होतो. आरशात तुला तेवढंच दिसलं असेल, म्हणून लिहितो. मी ओरडतही होतो. ‘सावकाश जा’ असं ओरडत होतो.

लॉनी